वळिवड्याचे पाहुणे

हुपरीची चांदी बाजारात जाते ती एकटी जात नाही; गावाचे नाव तिच्यासवे जाते. पैंजण, जोडवी, करदोडे घेऊन येथील व्यापारी परप्रांतातल्या पेढीवर बसतो, तेव्हा समोरचा सराफ आधी गाव विचारतो आणि मग टंच पाहतो. एकाने भेसळ केली तरी बट्टा साऱ्या गावाला लागतो. देशाच्या नावाचेही असेच आहे. परदेशी गेलेला माणूस आपल्या देशाचा लौकिक पाठीवर घेऊन फिरत असतो; तो लौकिक त्याने कमावलेला नसतो आणि त्याला तो खाली ठेवताही येत नाही. नथनेलसारख्या सरळ मनाच्या माणसानेदेखील नाझरेथचे नाव ऐकताच प्रभूविषयी शंका घेतली होती, हे आपण शुभवर्तमानात वाचतोच.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाने या गोष्टीचा अनुभव पहिल्या महायुद्धात घेतला. त्या काळी मुंबई-पुणे मिशन जर्मन येशूसंघीयांच्या हाती होते. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांनीच १८६९ साली सुरू केले. जर्मनीहून आलेल्या फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ मासिक काढले आणि १९०७ साली ते पुण्याचे बिशप झाले. मराठी भाषेशी त्यांनी नाते जोडले होते. परंतु १९१४ साली युद्ध पेटताच या धर्मगुरूंचे कार्य मागे पडले आणि त्यांचे राष्ट्रीयत्व तेवढे पुढे आले. अनेकांना स्थानबद्ध करून पुढे मायदेशी धाडण्यात आले. बिशप डोरिंग यांनाही आपल्या धर्मप्रांतापासून दूर राहावे लागले. १९२१ साली त्यांची नेमणूक जपानमध्ये हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्यास आले. माणूस तोच होता. मधल्या काळात केवळ त्याच्या देशाच्या नावाचा भाव उतरला होता.

दुसऱ्या महायुद्धात याच प्रांताने नाण्याची दुसरी बाजू पाहिली. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने आणि १७ सप्टेंबर रोजी सोव्हिएत रशियाने पोलंडवर आक्रमण केले. दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेला हा कॅथलिक देश नकाशावरून पुसला गेला. पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांची सैबेरियात व कझाकस्तानात हकालपट्टी झाली. १९४१ साली जर्मनी रशियावर उलटला, तेव्हा या कैद्यांपैकी काहींची सुटका झाली आणि १९४२ साली ते इराणमार्गे बाहेर पडले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांना बालाचडी येथे आसरा दिला, आणि १९४३ साली हुपरीपासून काही कोसांवर, कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे मोठी छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहिली. त्यांत स्त्रिया व मुले अधिक. देऊळ, शाळा, दवाखाना, बालवीर पथके असे एक लहानसे पोलंडच कोल्हापूरच्या मातीत वसले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या छावणीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकारने सोसला. म्हणजे कोल्हापूरकरांनी त्यांना अन्नदान केले असे नव्हे. त्यांनी दिले ते वेगळेच : पंचगंगेकाठच्या शेतकऱ्याला, भाजीवालीला, दुकानदाराला पोलंड ठाऊक नव्हते, त्या देशाचा बरा वा वाईट लौकिक त्यांच्या कानी नव्हता. त्यांनी नावाचा टंच काढला नाही. दारी आलेले माणूस पाहिले आणि व्यवहार केला. ज्यांना शेजाऱ्यांनी देशोधडीला लावले, त्यांना परक्यांनी शेजारी मानले. दयाळू शोमरोन्याचा दाखला याहून निराळे काय सांगतो?

युद्ध संपले तरी बहुतेकांना घर उरले नव्हते. त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. १९४८ साली छावणी उठली. कोणी इंग्लंडला, कोणी आणखी दूर गेले. काहींची थडगी कोल्हापुरातच राहिली. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर फाळणीने उखडलेले सिंधी बांधव येऊन वसले. तेच आजचे गांधीनगर. एका शेजारवैराचे बळी निघून गेले, दुसऱ्याचे आले.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली, तेव्हा तेथे शिकणारी हजारो भारतीय मुले सीमेकडे धावली. संयुक्त राष्ट्रसंघात भारत तटस्थ राहिला म्हणून युक्रेनच्या सीमेवर आपल्याला अडवले, लोटले, अशा तक्रारी काहींनी केल्या. सरकारच्या भूमिकेचे ओझे विद्यार्थ्यांच्या पाठीवर पडले ते असे. पलीकडे पोलंडने मात्र व्हिसावाचून वाट दिली. ती वळिवड्याची परतफेड होती असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण पोलंडने सर्वच निर्वासितांना दार उघडले. पण वॉर्सा नगरीत कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली, हेही खरे. छावणीत वाढलेल्या मुलांनी आपली आठवण जपली म्हणूनच ते नाव तेथवर पोहोचले.

राष्ट्राचा लौकिक राजदूत आणि सेनापती घडवतात असा आपला समज असतो. तो घडतो बाजारात, सीमेवरच्या चौकीत आणि शेजारच्या दारात. आज आपल्याही गावांत परप्रांतीय कामगार येतात, परदेशी विद्यार्थी शहरांत राहतात. त्यांना आपण त्यांच्या प्रदेशाच्या नावाने तोलतो की माणूस म्हणून? आपली मुले उद्या ज्या देशात जातील, तेथे त्यांना कोणत्या मापाने तोलले जावे असे आपल्याला वाटते, तेच माप आज आपल्या हाती असायला हवे.