मातीवाचून मळा

हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर दिवसभर धूळ उडत असते. परंतु त्या रस्त्यालगतच्या आमच्या गच्चीवर एक कुंडी भरावयाची म्हटली, तर माती विकत आणून तीन जिने चढवावी लागते. माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, माती नसेल तर झाड जेवणार काय?" प्रश्न साधा खरा, पण त्याचे उत्तर मिळावयास विद्वानांना दोनशेहून अधिक वर्षे लागली.

व्हान हेल्मॉण्ट ह्या फ्लेमिश पंडिताने दोनशे पौंड कोरड्या मातीत वाळुंजाचे एक रोप लावले आणि पाच वर्षे त्याला केवळ पाणी घातले. झाड १६४ पौंडांनी वाढले. माती मात्र दोन औंसच घटली. झाड केवळ पाण्यावरच पोसते, असा निष्कर्ष त्याने काढला. हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. हवेतील कार्बनाचा वाटा त्याच्या ध्यानी आला नाही, आणि ते हरवलेले दोन औंसही त्याने क्षुल्लक मानले. १६९९ साली इंग्लंडच्या जॉन वुडवर्ड यांना आढळले की, पुदिना पावसाच्या निर्मळ पाण्यापेक्षा गढूळ पाण्यात अधिक वाढतो. अखेर १८६० च्या सुमारास झाक्स आणि क्नोप ह्या जर्मन शास्त्रज्ञांनी नत्र, स्फुरद, पालाश, चुना इत्यादींचे क्षार पाण्यात विरघळवून, मातीच्या कणाशिवाय रोपे वाढवून दाखविली. झाडाला माती नव्हे, मातीतील क्षार हवे असतात, हे सिद्ध झाले.

प्रयोगशाळेतील ही विद्या मळ्यात आणली ती कॅलिफोर्नियाच्या प्राध्यापक गेरिक यांनी, १९२९ च्या सुमारास. 'हायड्रोपॉनिक्स' हे नाव १९३७ मधले. मग जिकडेतिकडे चमत्काराच्या वार्ता उठल्या. त्याच विद्यापीठातील होगलँड व अर्नन यांनी १९३८ साली बजावले की, उत्तम जमिनीपेक्षा द्रावणात अधिक पीक येते असे नाही.

आपल्या देशात १९४६ साली, तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पाँग येथे, शोल्टो डग्लस यांनी ही पद्धत सामान्य माणसाला परवडेल अशी करण्याचा उद्योग आरंभिला. महागडी यंत्रे नकोत; खडी आणि वाळू भरलेली साधी वाफोळी, वर क्षारांचे मोजके मिश्रण आणि पाणी. 'बंगाल पद्धत' ती हीच.

तिचे अनुकरण आम्ही गच्चीवर केले. वाळूत मेथी पेरली, ती तरारली. तेव्हा, अधिक खाऊ घातल्यास अधिक वाढेल, ह्या समजुतीने मी क्षारांचे प्रमाण दुप्पट केले. चार दिवसांत पाने कडेने करपली. द्रावण फार तीव्र झाले की, मुळांना पाणी ओढून घेणे कठीण होते. भरल्या ताटावर झाड तहानेने मरते. अति तेथे माती, ही म्हण माती नसलेल्या मळ्यातही खरी ठरली!

पुढल्या खेपेस वजनाचा काटा मी मुलांच्याच हाती दिला. जमिनीच्या अंगी सहनशीलता असते. आपण चुकलो तरी ती बरेच पोटात घालते. वाळू तसे करीत नाही. मातीचे ओझे आम्ही गच्चीवर चढविले नाही. पण तिचे काम मात्र आम्हाला रोज करावे लागते.