डॅबस पेटंट प्रकरण

डॅबस पेटंट प्रकरण म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता प्रणालीची पेटंट अर्जात शोधकर्ता म्हणून नोंद करता येते का, या प्रश्नावर विविध देशांत चाललेली कायदेशीर प्रकरणे होत. डॅबस ही अमेरिकन संशोधक स्टीफन थेलर यांनी विकसित केलेली, कृत्रिम चेताजालांवर आधारित संगणकप्रणाली आहे.

पार्श्वभूमी

थेलर यांनी २०१८ पासून दोन शोधांसाठी पेटंट अर्ज केले. पहिला शोध फ्रॅक्टल रचनेच्या भिंती असलेल्या खाद्यपदार्थांच्या डब्याचा, तर दुसरा आपत्काळात लक्ष वेधणाऱ्या, उघडझाप करणाऱ्या दिव्याचा होता. हे शोध डॅबसने स्वतंत्रपणे लावले असून प्रणालीचे मालक या नात्याने पेटंट आपल्याला मिळावे, असा थेलर यांचा दावा होता.

निर्णय

दक्षिण आफ्रिकेने जुलै २०२१ मध्ये पेटंट दिले. तेथे अर्जाची केवळ औपचारिक तपासणी होते. ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने त्याच महिन्यात थेलर यांच्या बाजूने निकाल दिला, पण पूर्णपीठाने तो एप्रिल २०२२ मध्ये फिरवला. अमेरिकेतील फेडरल सर्किट अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये शोधकर्ता मनुष्यच असावा लागतो, असा निर्णय दिला.

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२३ रोजी थेलर यांचे अपील एकमताने फेटाळले. यंत्राच्या मालकीमुळे त्याने लावलेल्या शोधावर आपोआप हक्क मिळत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र यंत्रनिर्मित शोधांना पेटंट द्यावे की नाही, हा धोरणात्मक प्रश्न आपल्यासमोर नसल्याचेही स्पष्ट केले. थेलर यांनी डॅबसला केवळ साधन मानून स्वतःला शोधकर्ता म्हटले असते, तर निकाल वेगळा लागू शकला असता, असेही निकालपत्रात नमूद आहे. जर्मनीच्या संघीय न्यायालयाने जून २०२४ मध्ये मनुष्यालाच शोधकर्ता मानले. तथापि, थेलर यांच्या नावासोबत डॅबसचा उल्लेख करण्यास मुभा दिली.

महत्त्व

या निकालांमुळे यंत्राचा वाटा प्रामाणिकपणे जाहीर करणारा अर्जदार पेटंट गमावतो आणि तो लपवणाऱ्याला ते मिळू शकते, अशी टीका होते.

भारतातील कायदा

पेटंट अधिनियम, १९७० नुसार ‘खरा व प्रथम शोधकर्ता’ किंवा त्याच्याकडून हक्क मिळालेली व्यक्ती अर्ज करू शकते. याउलट कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये संगणकनिर्मित कृतीचा कर्ता कोण, याची तरतूद आहे; ती कृती घडवून आणणारी व्यक्ती तिची कर्ता ठरते. वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीने २०२१ च्या अहवालात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संदर्भात या दोन्ही कायद्यांचा आढावा घेण्याची शिफारस केली.