तरोट्याची गोष्ट कोणाच्या नावावर?

१९७२ च्या दुष्काळात मी आठ वर्षांचा होतो. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात पाऊस चार शिंतोडे टाकून निघून गेला होता. गिरिजेच्या पात्रात वाळू तापत होती. महारवाड्यातली कर्ती माणसे खडी फोडायला जात आणि घरोघर लाल मिलोच्या भाकरी थापल्या जात. त्या भाकरीला तोंडी लावायला काय, हा प्रश्न मात्र सरकारने सोडवला नव्हता. तो माझ्या आजीने सोडवला. बांधावर, पडीक रानात उगवलेला तरोटा, घोळ, पाथरी ती ओटीत भरून आणी. मी तिच्या मागे मागे असे.

खुडताना ती गोष्ट सांगे. सात जावा होत्या, धाकटी नावडती. दुष्काळात सासूने साऱ्यांना भाजीला धाडले. थोरल्या सहाजणींनी तरोटा मुळासकट उपटून पाट्या भरल्या. धाकटीने झाडालाच विचारले, तुझी लेकरं राखून मला किती देशील? झाड म्हणाले, शेंड्याची कवळी पानं घे. पिवळं फूल आलं की येऊ नको, तवा मी लेकुरवाळी असते. आठ दिवसांनी सहाजणींचे रान भुंडे, धाकटीचे पुन्हा फुटलेले. गोष्ट संपली की आजी म्हणायची, "वर वर खुडायचं, बाळा. मुळाला हात लावला तर उद्या काय खाशील?"

आजीला अक्षर येत नव्हते. पण या गोष्टीत काय नाही? कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या वेळी, किती घ्यावा आणि किती ठेवावा, हे सारे तिच्यात आहे. लेकराच्या ध्यानात राहावे म्हणून त्याला सासू-सुनेचे नाट्य जोडले आहे. ज्यांना लिहिण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्यांनी ज्ञान गोष्टीत ठेवले, जात्यावरच्या ओवीत ठेवले. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतर महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. हा बायकांनी न लिहिलेला ग्रंथच म्हटला पाहिजे.

परंतु गोष्ट वनस्पती जपते, तशी ती समाजव्यवस्थाही जपते, हे विसरून चालणार नाही. ऋषिपंचमीचेच उदाहरण घ्या. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. आपोआप उगवलेली भाजी, कंदमुळे खायची. वनस्पतींची ओळख टिकवणारी ही उत्तम सोय आहे. मात्र तिच्या कहाणीचा गाभा विटाळ हा आहे. पाळीच्या वेळी शिवाशिव केली म्हणून बाई कुत्रीच्या जन्माला जाते आणि तिचा नवरा बैलाच्या. म्हणजे रानभाजीची माहिती आणि विटाळाची दहशत एकाच पानावर वाढली गेली. वाड्यातल्या ताटात रानातला पाला वर्षातून एकदा पुण्य ठरला. आमच्या ताटात तो दुष्काळात रोज होता, तेव्हा ती आमची हलाखी ठरली.

हे आपल्यापुरतेच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्या लोकांना अर्पण केली, तेव्हाच त्यांनी आपले दुःख त्या दुःखाशी जोडून दाखवले होते. तोच धागा धरून पुढे गेले की सुरिनाम लागते. कॅरिबियन बेटांशी इतिहासाने बांधलेला हा दक्षिण अमेरिकेचा किनारा. तिथे मळ्यांतून पळून जंगलात वस्ती केलेल्या आफ्रिकी गुलामांना मरून म्हणतात. त्यांचे वंशज सांगतात की आमच्या पूर्वज स्त्रियांनी केसांत भाताचे दाणे लपवून आणले. पंडितांनी बराच काळ तिला दंतकथा मानले. अलीकडे अभ्यासकांना मरूनांच्या शेतांत खरोखरीच आफ्रिकी जातीचा भात सापडला. एवढेच नव्हे, भाताच्या काही वाणांना त्या पळून आलेल्या स्त्रियांची नावे आहेत. आजीचे नाव बियाण्याला!

याच सुरिनाममध्ये मारिया सिबिला मेरियन ही चित्रकर्ती १६९९ ते १७०१ या काळात राहिली. १७०५ च्या आपल्या ग्रंथात तिने एका फुलझाडाची हकिगत लिहिली आहे. आपल्या पोटी गुलाम जन्माला येऊ नये म्हणून तिथल्या गुलाम स्त्रिया त्या झाडाच्या बियांनी गर्भ पाडत. ते झाड म्हणजे आपल्या अंगणात लाल-पिवळे फुलणारा शंकासुर. ही माहिती तिला त्या स्त्रियांनीच दिली होती. मेरियनचे नाव जगाला ठाऊक आहे. तिला सांगणाऱ्या स्त्रियांची नावे कुठेच नाहीत.

ज्ञान कोणाचे आणि नाव कोणाचे, हा खरा प्रश्न आहे. आणि इथे मला आधी स्वतःलाच उभे केले पाहिजे. शहरात शिकायला आलो तेव्हा, घरी काय खाता, असे कोणी विचारले की मी पोळी-भाजी सांगत असे. तरोटा मी पोटात दडवला. शाहू पाटोळे यांनी मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नावर 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली लिहिले. ते वाचताना मला आजी आठवली, आणि माझी लाजही.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, बाबासाहेबांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याला अज्ञानाची गुहा म्हटले, मग तुम्ही पुन्हा त्या पाल्यापाचोळ्याकडे का वळता? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की बाबासाहेबांनी आपल्याला गावकीच्या दास्यातून बाहेर काढले. आजीचे शहाणपण फेकून द्या, असे सांगितले नाही. भूक गौरवायची नाही. विटाळाची कहाणी तर जाळायचीच. पण ढोराला तरवडाच्या सालीने कातडे कमवता येते, मांगाला घायपाताचा दोर वळता येतो, ही विद्या आहे. तिला जातीच्या खुंट्याला बांधले, हा अन्याय आहे. खुंटा उपटायचा, विद्या नव्हे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकांच्या जैवविविधतेची नोंदवही ठेवायची आहे. गावातल्या वनस्पती आणि त्यांच्याविषयीचे लोकांचे ज्ञान तिच्यात यावे, अशी अपेक्षा आहे. आमच्या भागातल्या एका गावची अशी वही मी चाळली. झाडांची यादी होती. जाणकार म्हणून लिहिलेली नावे सारी गावातल्या बड्या घरांतल्या पुरुषांची. वस्तीत जाऊन एकाही म्हातारीला कोणी विचारले नव्हते.

तीनशे वर्षांपूर्वी याहून बरे घडले होते. मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलबारिकस' हा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे याचा बारा खंडी ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात छापला गेला. त्यात इट्टी अच्युदन या एळव जातीच्या वैद्याची साक्ष त्याच्या नावानिशी, त्याच्या लिपीत छापली आहे. परक्या सत्ताधाऱ्याला जे जमले, ते स्वतंत्र भारतातल्या गावाला का जमू नये?

म्हणून शिक्षक-विद्यार्थी मित्रांना माझे एकच सांगणे आहे. या पावसाळ्यात वही घेऊन आपापल्या वस्तीत जा. म्हाताऱ्यांना गोष्ट विचारा. त्यांच्या बोलीत, जशीच्या तशी उतरवून घ्या. सांगणारीला विचारून तिचे नाव खाली लिहा, आणि ते पान गावच्या नोंदवहीत घालायला लावा. माझ्या आजीची गोष्ट मी पन्नास वर्षे उशिरा लिहीत आहे. तेवढा उशीर तुम्ही करू नका.