डभोईचे बैल आणि साडेसहा किलोचे रूळ

गेल्या दिवाळीत अमेरिकेतला पुतण्या बडोद्याला आला, तो एक कोडे घेऊनच. त्याने पिकअप ट्रक घेतला आहे आणि त्याच्या मागच्या हौद्यात बसवायची एक तयार खोली त्याला घ्यायची आहे. बिछाना, शेगडी, मोरी, सगळे आत. विकणारा म्हणाला, "एवढा दमदार ट्रक, आरामात नेईल." पण दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेला भार त्याने वाचला आणि वही काढली. खोलीचे रिकामे वजन कसेबसे बसत होते. त्यात दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, गॅस, सामान, बायको, दोन मुले. बेरीज पट्टीच्या पुढे गेली. शिवाय बहुतेक सगळा बोजा मागच्या आसावर. "काका, ओढण्याची ताकद वेगळी आणि पेलण्याची वेगळी," तो म्हणाला.

मी म्हटले, हे आपल्या बडोद्याने १८६३ सालीच अनुभवले आहे.

डभोई म्हटले की आपल्याला १७३१ ची लढाई आणि त्र्यंबकराव दाभाडे आठवतात. रेल्वेच्या इतिहासात मात्र डभोईचे नाव आहे ते खंडेराव महाराजांमुळे. बी. बी. सी. आय. ची मोठ्या मापाची लाइन मियागामवरून बडोद्यापर्यंत नुकतीच आली होती. तिकडे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. डभोईकडचा कापूस मियागामला मोठ्या लाइनीवर पोचवायचा, पण पावसाळ्यात काळ्या मातीतली वाट म्हणजे चिखलच. खंडेराव महाराजांनी १८६२ साली अडीच फूट मापाची छोटी रेल्वे सुरू केली. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज, आणि संस्थानाच्या मालकीची पहिली रेल्वेही हीच.

रूळ होते वाराला १३ पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम साडेसहा किलो. आज आपल्या मोठ्या गाड्या ज्यावरून धावतात तो रूळ मीटरला साठ किलोंचा असतो. पुढच्याच वर्षी ग्लासगोच्या नीलसन कंपनीने या लाइनीसाठी इंजिन बांधले. पण या रुळांना ते पेलण्यासारखे नव्हते. डबे ओढायला बैलच राहिले.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना पहिलेपणाचा अभिमान सांगतात आणि बैलांपाशी आले की हसून पुढे जातात. मला ते हसणे पटत नाही. इंजिनाला ओढायचे तर आधी स्वतः जड असावे लागते, नाहीतर चाके जागच्या जागी फिरतात. आणि ते सगळे वजन चार-दोन आसांवरून रुळाच्या एकेका बिंदूवर उतरते. कापसाच्या डब्याचा भार त्या मानाने हलका. बैल मात्र जमिनीवर चालतो, रुळाला त्याच्या वजनाचा पत्ताच नसतो! शिवाय लोखंडावर लोखंडी चाक इतके सहज फिरते की कच्च्या रस्त्यावर जेवढे ओढवते त्याच्या कितीतरी पट माल तीच जोडी ओढते. त्या रुळांना शोभणारे वाहन बैलच होते. चूक झाली असेल तर ती रूळ आणि इंजिन यांची बेरीज एका कागदावर न मांडण्याची.

१८७३ साली, मल्हारराव महाराजांच्या कारकिर्दीत, जास्त वजनाचे रूळ घालून मार्ग नव्याने बांधला, तेव्हा वाफेची गाडी शक्य झाली. मधली दहा वर्षे बैलांनी निभावली. पुढे सयाजीराव महाराजांच्या काळात डभोईहून चांदोद, बोडेली, गोयागेट अशा फाट्या फुटल्या आणि प्रतापनगरला १९१९ मध्ये कारखाना उभा राहिला. आता त्याच डभोईवरून, जानेवारी २०२१ पासून, केवडियापर्यंत मोठ्या मापाची गाडी जाते.

पुतण्याने हे सगळे शांतपणे ऐकले आणि वहीत पुन्हा आकडे मांडले. जरा हलकी खोली घ्यायची, पाण्याची टाकी रिकामी ठेवून निघायचे आणि मुक्कामाला पोचल्यावर भरायची, असे त्याने ठरवले. बायकोला ते अजून सांगितलेले नाही.