रात्रीचं दारं

रात्री बारानंतर लाईट येते. अकोले-संगमनेरकडचा शेतकरी कानाला मफलर गुंडाळतो, फावडं आणि बॅटरी घेतो आणि दारं धरायला निघतो. बॅटरीच्या झोतात उसाच्या कडेला दोन ठिपके चमकले, तर तो जागीच थबकतो. बिबट्याच्या डोळ्यात मागच्या बाजूला आरशासारखा एक थर असतो. आत आलेला उजेड तो परत फिरवतो, म्हणून बिबट्याला अंधुक प्रकाशातही दिसतं. माणसाच्या डोळ्यात हा थर नाही. वाटेवरच्या पिंपळावर झोपलेल्या वानरांच्या डोळ्यातही नाही. वानरं आणि आपण, दोघंही दिवसाचे प्राणी.

आपल्या प्रायमेट कुळात दिवसा आणि रात्रीही वावरणारे थोडे प्राणी आहेत. मादागास्करमधल्या काही लेमूरांचं हे वागणं पाहून इयन टॅटरसॉल या अभ्यासकाने १९८७ मध्ये त्याला 'कॅथेमरल' हा शब्द रूढ केला. कारणं अनेक सांगितली जातात. पानांसारखं निकृष्ट अन्न असेल तर पोट भरायला दिवस पुरत नाही, कधी ऊन-थंडी टाळायची असते, कधी शिकाऱ्याला चुकवायचं असतं. अर्जेंटिनातलं एक घुबडमाकड चांदण्या रात्री हिंडतं आणि अमावास्येच्या आसपास रात्री थांबून ती कसर दिवसा भरून काढतं. म्हणजे भूक, हवा आणि चंद्र पाहून वेळ ठरते.

नगर जिल्ह्यातल्या माणसाची वेळ कोणी ठरवली?

सुरुवात पाण्याने झाली. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९१० मध्ये बांधायला घेतलं, ते १९२६ मध्ये पूर्ण झालं. कालव्याचं पाणी रात्री झोपत नाही. शेजपाळीत ज्याचा नंबर रात्री आला, त्याने रात्रीच दारं धरायचं. पाण्यामागून ऊस आला. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झालं. कारखाना चोवीस तास चालतो, म्हणून तीन पाळ्यांचे कामगार आले आणि पाथर्डी-शेवगावकडून येऊन रात्री-अपरात्री गाड्या भरणारे ऊसतोड मजूर आले. पुढे विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या. दिवसा शहरांची आणि कारखान्यांची मागणी मोठी, म्हणून शेतीची थ्री फेज लाईट पाळीपाळीने रात्रीवर गेली.

त्याच उसात बिबट्याही राहायला आला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले परिसरात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. राखीव जंगल नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतीपट्ट्यात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. ते दिवसा उसात पडून राहतात आणि माणूस घरात गेला की बाहेर पडतात. एकाच शिवारात दोघांचं निभतं ते मुख्यतः या वाटणीमुळे. दिवस माणसाचा, रात्र बिबट्याची.

ही वाटणी मोडते ती लाईटच्या वेळापत्रकाने. लेमूर रात्री निघतो तेव्हा त्यात त्याचा काही फायदा असतो. शेतकरी निघतो तेव्हा अंधारात साप, विंचू, ओल्या मोटारीचा शॉक आणि बिबट्या, असं सगळं समोर असतं. वर सकाळी गुरांची धार चुकत नाहीच.

म्हणून 'दिवसा लाईट द्या' ही मागणी नुसती सोयीची नाही. २०१७ मध्ये राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला आहे. सौर वीज दिवसाच तयार होते, त्यामुळे ज्या फीडरवर ती पोहोचते तिथे मोटार उजेडात चालू करता येते. बाकीच्या शिवारांत आजही लाईटची पाळी पाहून मोबाईलवर अलार्म लावला जातो.