कऱ्हेचा ‘र’ आणि विंडोज

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळणे थांबले. पुढची पायरी विंडोज ११. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था असलेले यंत्र लागते आणि माझ्या टेबलावरच्या यंत्रात ती नाही. पण खरा घोर आहे तो टेबलाखालच्या दुसऱ्या यंत्राचा. त्यावर अजून विंडोज एक्सपी आहे, आणि कऱ्हेच्या खोऱ्यातल्या वीरगळांच्या माझ्या १९९८पासूनच्या नोंदी त्यात आहेत. त्या मराठीत आहेत अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती.

संगणकाच्या लेखी त्या मराठीत नाहीत. हे का, ते कळायला थोडे मागे जावे लागते. भारतीय लिप्यांसाठीचे ‘जिस्ट’ तंत्र आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. १९९१ साली ‘इस्की’ हे भारतीय मानकही ठरले. त्यातला विचार शहाणपणाचा होता. ‘क’ला एकच संकेतांक, मग तो पूर्ण दिसो, अर्धा दिसो की जोडाक्षरात दडलेला असो.

छापखान्यांना मात्र अक्षराचा आकार हवा होता. त्या काळच्या फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा, त्यातल्याही काही राखीव. तेवढ्यात अर्धी अक्षरे, काने-मात्रा, रफार, जोडाक्षरे सगळे बसवायचे. खिळे जुळवणाऱ्याने आपल्या केसचे खण आपल्या हाताच्या सोयीने लावावेत, तसे ज्या त्या कंपनीने हे आकार आपापल्या क्रमाने मांडले. रोमन अक्षराच्या जागी मराठी आकार. पडद्यावर ‘वीरगळ’ दिसे, फाइलमध्ये असे रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे. पूर्वी दिवाळी अंकाला लेख पाठवताना सीडीवर फाइलसोबत फॉन्टही का घालावा लागे, याचे उत्तर इथे आहे.

यातून बाहेर पडण्याची वाट २००० सालीच उघडली होती. विंडोज २०००मध्ये युनिकोड देवनागरी आली, सोबत ‘मंगल’ हा फॉन्ट आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी मराठी साहित्याच्या वाचकांना कवी म्हणून आधीच ठाऊक होते. पुढच्याच वर्षी एक्सपी आली. पण तिच्यात देवनागरीची सोय आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन जटिल लिप्यांसाठीच्या चौकोनात खूण करायची आणि मग ती मूळ सीडी मागे. अनेकांकडे ती सीडी नव्हतीच. माझ्याकडेही नव्हती.

तेव्हा छापखानेवाले जुन्या फॉन्टना चिकटून राहिले, याला मी आळस म्हणणार नाही. पेजमेकरची शेवटची, ७.० ही आवृत्ती २००१ची, आणि युनिकोड मराठी तिला जमत नव्हती. हातात दिवाळी अंकांचे काम, दारात लेखक, आणि यंत्र बदलले तर टंकनाच्या प्रोग्रामचे डोंगल चालेल की नाही ही धास्ती. चालत्या गाड्याला खीळ कोण घालणार? एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ला थांबल्या, तरी कित्येक छापखान्यांत ती चालूच राहिली. मात्र त्या वर्षांत जेवढे मराठी टंकले गेले, त्यातले पुष्कळसे त्या कडबोळ्यातच टंकले गेले. त्याचा हिशेब आता द्यावा लागतो आहे.

युनिकोडही मराठीसाठी सुरुवातीपासून पुरे नव्हते. आपला ‘ॲ’ त्यात आला तो थेट २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये हे अक्षर उघडले तर रिकामा चौकोन दिसतो. ‘अ’वर चंद्र काढायला एवढा उशीर का झाला असावा, याचे मला अजून नवल वाटते.

माझे घोडे अडले ते दुसऱ्या अक्षरापाशी. नोंदी युनिकोडमध्ये नेण्यासाठी मी एक रूपांतरक वापरला. पहिल्या नजरेला सगळे ठाकठीक होते. मग ‘कऱ्हा’ शोधली आणि एकही नोंद सापडेना. एका फॉन्टमधल्या नोंदींत नदीची ‘कहा’ झाली होती, दुसऱ्यातल्या नोंदींत ‘कर्हा’. अत्र्यांच्या आत्मचरित्राच्या नावातलेच हे अक्षर, ते रूपांतरकाच्या कोष्टकात नव्हते. आचाऱ्यांना दिलेले दान आणि आचार्यांना दिलेले दान यांत इतिहासाला फरक पडतो. तो फरक या एका ‘र’वर उभा आहे.

त्यातही एक मेख आहे. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधणाऱ्या प्रोग्रामला बहुतेकदा वेगळे. त्यामुळे नवी विंडोज घेतली म्हणून हे आपोआप सुटणार नाही.

नवे यंत्र घ्यायचे ठरवले आहे, कारण टपाल, बँक आणि अभिलेखागारांची संकेतस्थळे असुरक्षित यंत्रावरून उघडण्यात शहाणपण नाही. एक्सपीचे यंत्र मोडीत काढणार नाही. त्याचे डोंगल प्रिंटरच्या ज्या जुन्या पोर्टमध्ये बसते, ते पोर्ट आजच्या यंत्रांना नसते. त्या यंत्राची इंटरनेटची तार काढून टाकली आहे आणि हार्ड डिस्कच्या दोन प्रती केल्या आहेत. एक घरी, एक भावाकडे.

तोवर रोज रात्री वीस नोंदी चालू आहेत. एक्सपीच्या पडद्यावर मूळ, शेजारच्या यंत्रावर रूपांतर, आणि मांडीवर गावोगावी हिंडताना लिहिलेली वही. सासवडच्या नोंदी पुऱ्या झाल्या, जेजुरीच्या अर्ध्यावर आल्या आहेत. मोरगावची फाइल अजून उघडलेली नाही. गाव कऱ्हेच्या काठावरच असल्याने तिच्यात हा ‘र’ पानोपानी असणार.