८ ऑक्टोबर १९५८ : शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर

स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात या दिवशी ४३ वर्षांच्या आर्ने लार्सन यांना पेसमेकर बसवला. पूर्णपणे शरीराच्या आत बसवलेला हा जगातला पहिला पेसमेकर. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला विद्युतसंदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचत नसल्यानं लार्सन दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत. पत्नी एल्स-मारी यांनी शल्यविशारद ओके सेनिंग आणि अभियंते रूने एल्मक्विस्ट यांचा पिच्छाच पुरवला. या बाईंचं श्रेय फार कमी सांगितलं जातं. एल्मक्विस्ट यांनी दोन ट्रान्झिस्टर आणि बॅटरी इपॉक्सी राळेत बसवली, साचा म्हणून वापरली बूटपॉलिशची डबी! यंत्र काही तासांतच बंद पडलं, दुसरं बसवावं लागलं.

शिर्डीजवळच्या पुणतांब्यासारख्या गावात आजही उभ्या उभ्या भोवळ आली की पित्तावर नाहीतर उन्हावर ढकलतात. पण त्यामागं लार्सन यांच्यासारखा हृदयाचा दोषही असू शकतो; नाडी फार मंद लागत असेल, तर ईसीजी काढायलाच हवा. हृदयशस्त्रक्रियेची सोय तर जवळ शिर्डीतच आहे.

एल्मक्विस्ट १९९६ साली गेले, सेनिंग २००० साली. लार्सन मात्र एकूण २६ पेसमेकर वापरून २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.